दारू विकणाऱ्याची पात्रता आणि आपले पाचवे शील

संयुक्त अरब अमिरातीत पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्या तरुणांपैकी बरेचजण हॉटेलांत काम करतात. घरचे लोक ‘मुलगा हॉटेल लाइनमध्ये आहे’ एवढेच सांगतात आणि विचारणाराही पुढे काही विचारत नाही. हॉटेलात नेमके काय काम, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी टाळला जातो. कारण बारचा काउंटर किंवा मेजवानीतील मद्याचे टेबल हे त्याचे उत्तर पुष्कळदा असते. हाच तरुण बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला आपल्या शेजारी बसून पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शीलापाशी त्याचा आवाज इतरांपेक्षा खाली येत नाही, येण्याचे कारणही नाही, कारण तो स्वतः पीत नाही. परंतु आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत त्याने इतरांचे पेले भरलेले असतात.

अशा तरुणांपैकी तिघांनी गेल्या वर्षभरात मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. हॉटेल मद्याविषयीचा अभ्यासक्रम करायला सांगत आहे, शुल्क हॉटेलच भरणार आहे, प्रमाणपत्र मिळाले तर पद आणि पगार वाढेल. तर तो करावा की करू नये? त्यांपैकी एकाला आपल्यातल्याच एका ज्येष्ठ उपासकांनी सांगितले होते की, दारूचे शिक्षण घेणे म्हणजे अकुशल कर्माची पदवी घेणे होय. ज्येष्ठांचा राग मला समजतो. वस्तीच्या तोंडाशी असलेला देशी दारूचा गुत्ता आणि पगाराच्या दिवशी त्या वाटेवर उभी राहणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दारूच्या बाबतीत बारकावे ऐकवणे कठीणच. महाराष्ट्रातील स्त्रियांनी ‘आडवी बाटली’ला मते देऊन दुकाने बंद पाडली, ती याच अनुभवातून. तरीही ते उत्तर मला पटत नाही. दारू विकणाऱ्याला शिक्षण हवेच, आणि आज मिळते त्याहून अधिक हवे. मात्र ते कोणते असावे, याविषयी माझे मत त्या उपासकांहून जितके वेगळे आहे, तितकेच हॉटेलमालकांहूनही वेगळे आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे. त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो, दुकानाला अनुज्ञप्ती लागते, आणि दुकानातल्या नोकराला राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ‘नोकरनामा’ घ्यावा लागतो. नोकरनामा हा शब्दच बोलका आहे. हा माणूस अमुक मालकाचा नोकर आहे एवढे त्यातून कळते. समोरच्या गिऱ्हाइकाला पुरे झाली आहे हे त्याला ओळखता येते का, हे त्यातून कळत नाही. दुबईतही भर पिणाऱ्याच्या कागदावर राहिला आहे. दुकानातून मद्य विकत घ्यायचे तर ग्राहकाकडे व्यक्तिगत परवाना लागतो; १ जानेवारी २०२३ पासून तो विनाशुल्क झाला. त्याच दिवशी स्थगित झालेला तीस टक्के कर १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा लागू झाला. अबुधाबीने असा परवाना २०२० मध्येच रद्द केला. शारजात मद्यविक्रीला सर्वसाधारणपणे परवानगी नाही. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकणे वा देणे हा संपूर्ण देशात गुन्हा आहे. मद्य घेऊन गाडी चालवण्याबाबत येथे यत्किंचितही सूट नाही. २९ मार्च २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्यात त्यासाठी वीस हजार ते एक लाख दिरहमपर्यंतचा दंड आणि तुरुंगवास सांगितला आहे.

म्हणजे चूक झाल्यावर शिक्षा कडक आहे. ती चूक ज्याच्या हाताने थांबू शकते, त्या हाताला मात्र प्रामुख्याने स्वच्छता शिकवली जाते. दुबई नगरपालिकेच्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला अन्नसुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि प्रत्येक आस्थापनेत प्रमाणित जबाबदार व्यक्ती असावी लागते. अबुधाबीतही अन्नसुरक्षेचे प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचे आहे. चांगलीच गोष्ट आहे. शिळ्या कोंबडीने माणूस आजारी पडू नये म्हणून जी काळजी घेतली जाते, तिच्या निम्मी जरी सातव्या पेल्याबाबत घेतली गेली, तरी पुष्कळ काम होईल.

हे अशक्य नाही, कारण अन्यत्र ते झालेले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टनुसार मद्याची प्रत्येक विक्री व्यक्तिगत परवानाधारकाने करावी किंवा त्याच्या संमतीने व्हावी लागते, आणि तो परवाना मिळवण्यासाठी मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी लागते. कोपऱ्यावरचे छोटे दुकान चालवणारे कितीतरी भारतीय तेथे ही परीक्षा देऊन बसले आहेत. तेथे झिंगलेल्या माणसाला दारू विकणे हा विकणाऱ्याचा गुन्हा ठरतो. स्कॉटलंड त्याच्याही पुढे गेले. तेथे दारू विकणाऱ्या वा वाढणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला निदान दोन तासांचे ठरावीक प्रशिक्षण दिल्याशिवाय कामावर उभे करता येत नाही आणि त्याची नोंद दुकानात ठेवावी लागते. ऑस्ट्रेलियात ‘आरएसए’ या अक्षरांनी ओळखले जाणारे प्रमाणपत्र नसेल, तर बारमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही उभे राहू देत नाहीत. सिडनी-मेलबर्नला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना हे ठाऊक असेल. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून अशीच सक्ती केली. या साऱ्या देशांत दारू विपुल आहे आणि तिने होणारी हानीही विपुल आहे. तेव्हा प्रशिक्षणाने सारे काही सुधारते असा माझा दावा नाही. परंतु त्यांनी प्रश्न योग्य माणसाला विचारला आहे.

या दोन-चार तासांत शिकवतात तरी काय? यकृत साधारणपणे तासाला एक लहान माप एवढेच मद्य निकामी करू शकते. कडक कॉफीने, थंड पाण्याने किंवा उलटी केल्याने नशा उतरत नाही. माणसाचा आवाज, डोळे, सुट्टे पैसे मोजणारी बोटे यांवरून त्याची अवस्था कशी ओळखावी. न मागता पाण्याचा ग्लास आणि काही खायला पुढे कसे ठेवावे. पुढची फेरी थोडी उशिरा कशी न्यावी. वयाचा पुरावा न दुखावता कसा मागावा. आणि शेवटी नकार कसा द्यावा: एकट्याने, हलक्या आवाजात, सोबत्यांसमोर अपमान न करता, टॅक्सीची सोय विचारून, वरिष्ठाला कळवून आणि नोंदवहीत लिहून. हे शिक्षण मी अंगाने फार मोठे मानतो. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ‘नाही’ हा शब्द ऐकला. तो उच्चारण्याचा सराव आपल्याला थोडा. त्यातही परक्या देशात, श्रीमंत पाहुण्यासमोर, गणवेशात उभे राहून तो उच्चारणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच विचारावे.

याउलट हॉटेलाला बहुधा जे शिक्षण हवे असते ते निराळे. द्राक्षाची जात, पिंपात मुरवण्याची वर्षे, कोणत्या मांसाबरोबर काय द्यावे, आणि ग्राहकाने साधे मागितले तर महागाकडे कसे वळवावे. लंडनच्या ‘वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट’चे अभ्यासक्रम यांत सर्वांत प्रतिष्ठित; ही संस्था १९६९ मध्ये मद्यव्यापारासाठीच स्थापन झाली आणि तिचे वर्ग दुबईतही चालतात. तिची परीक्षा कसून घेतली जाते, यात शंका नाही. मद्यनिर्मात्या कंपन्याही बारमधील कर्मचाऱ्यांसाठी स्वतःच्या अकादमी आणि पेयमिश्रणाच्या जागतिक स्पर्धा चालवतात. जो माल बनवतो तोच विकणाऱ्याचा गुरू होतो. असा गुरू ‘थांब’ कधी शिकवील आणि किती मनापासून शिकवील, याची कल्पना करता येते. मला प्रश्न विचारणाऱ्या तिघांपैकी एकाने सांगितले की, रुजू होताना जबाबदार सेवेवर त्याला एक तास मिळाला आणि लेबले पाठ करण्यावर दोन आठवडे गेले.

हा फरक आपल्या धम्माच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. चौदा ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे एका बाजूला पिणारा आहे, दुसऱ्या बाजूला व्यापारी आहे. आणि पगारावर वाढणारा मुलगा या दोहोंच्या मध्ये उभा आहे. ‘तू व्यापारी नाहीस, नोकर आहेस, तेव्हा तुला काहीच लागत नाही’, असे म्हणून त्याला मोकळे करणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. शब्दाच्या आडोशाला लपणे धम्माला मानवत नाही. परंतु तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत दाखवले आहे. जो तरुण ठरलेल्या वेतनावर काम करतो आणि ज्याला पुरे झाली आहे त्याला थांबवतो, त्याची चेतना एक. ज्याला प्रत्येक बाटलीमागे कमिशन मिळते आणि म्हणून तिसऱ्या बाटलीचा आग्रह धरतो, त्याची चेतना दुसरी. माझ्या मते कमिशन जेथे सुरू होते तेथे वणिज्जा सुरू होते. म्हणून त्या तिघांना मी सांगितले की, पगारवाढ घ्या, कमिशन नाकारा. त्यांतल्या एकाने नाकारले. उरलेल्या दोघांना घराचे हप्ते आहेत, आणि मी त्यांना दोष दिला नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पाच व्यापारांची यादी हातात घेऊन आपण फक्त वेटरकडे का पाहतो? मद्य आयात करणाऱ्या कंपनीचा हिशेब लिहिणारा, तिचे गोदाम सांभाळणारा, विमानतळावरील करमुक्त दुकानाची संगणकप्रणाली बसवणारा असे लोकही आपल्यात आहेत. ते कार्यक्रमाच्या मंचावर बसतात आणि त्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन होते. टाय लावून केलेले काम शुद्ध आणि ट्रे उचलून केलेले अशुद्ध, ही उतरंड आपण कोठून आणली? जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. ज्याच्या आजोबांच्या स्पर्शाने पाणी बाटत होते, त्याच्या हातचा पेला आज जगभरचे लोक घेतात आणि त्याला त्याची जात विचारत नाहीत. त्या नोकरीतला एवढा एक भाग तरी आपण समजून घ्यायला हवा. मुलींच्या बाबतीत तर आपण आणखी कठोर होतो. स्त्रियांना आणि पंचवीस वर्षांखालील पुरुषांना मद्य दिले जाते अशा जागी नोकरीस मनाई करणारी १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, तो निकाल ६ डिसेंबर २००७ चा. तारीख योगायोगाची आहे. स्त्रीला संरक्षणाच्या नावाखाली नोकरीतून बाहेर ठेवण्यापेक्षा नोकरीची जागा सुरक्षित करा, असा त्या निकालाचा आशय आहे. दुबईतील एखाद्या बँक्वेटमध्ये उभ्या असलेल्या आपल्या मुलीलाही तोच न्याय लावायला हवा.

‘मग हा धंदाच बंद का करू नये?’ असे कोणी विचारील. वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठली. या प्रश्नावर बाबासाहेबांची भूमिका आपल्यातल्या पुष्कळांना अनपेक्षित वाटते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला उघड विरोध केलेला होता. सरकारचे उत्पन्न बुडते, बंदी राबवण्यात आणखी पैसा जातो, आणि दारू दुकानातून उठून घराघरांत गाळली जाऊ लागते, हे त्यामागचे आक्षेप होते. स्वतः पूर्ण निर्व्यसनी असलेल्या आणि पाच वर्षांनी लाखोंना मद्यत्यागाची प्रतिज्ञा देणाऱ्या माणसाची ही भूमिका आहे. मला यात विसंगती दिसत नाही. मन बदलणे हे धम्माचे काम आणि विक्री कोणाच्या हाती द्यायची हे राज्याचे, असा तो भेद आहे. विक्री वाईट हातांत गेली की काय होते, हे मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये दिसले. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली आणि ती बहुतेक गरीब वस्त्यांतली होती. येथे शारजात २००९ मध्ये अवैध दारूविक्रीच्या भांडणातून कामगारांच्या वसाहतीजवळ एक खून झाला. त्यात सतरा भारतीय तरुणांना २०१० मध्ये मृत्युदंडाची शिक्षा झाली, आणि मृताच्या कुटुंबाला दियत दिल्यानंतर २०१३ मध्ये ते मायदेशी परतू शकले. दारूची बाटली कोण विकतो, हा प्रश्न स्थलांतरित कामगारांच्या दृष्टीने पंचतारांकित चैनीचा नाही. आपल्या कॅम्पमधील बांधवांना हे सांगत राहिले पाहिजे की, शुक्रवारच्या आत चार पैसे जास्त मिळतात म्हणून कोणाची पिशवी पोचवायला जाऊ नका.

प्रशिक्षणाची एक मर्यादाही आहे, आणि हॉटेलमालकांनी ती लक्षात घ्यावी. ज्याचा व्हिसा, खोली आणि घरी पाठवायचा पैसा एकाच नोकरीवर अवलंबून आहे, त्याला नकार देण्याचे शास्त्र कितीही शिकवा. पाहुण्याने तक्रार केली आणि व्यवस्थापकाने पाहुण्याची बाजू घेतली की ते शास्त्र संपते. म्हणून प्रमाणपत्रासोबत प्रत्येक हॉटेलाने लेखी नियम करावा की, नियमानुसार नकार देणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही आणि त्याच्या सेवाशुल्काच्या वाट्यातून काही कापले जाणार नाही. फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या येथील कामगार कायद्यात कर्मचाऱ्यांचे कौशल्य वाढवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. अन्नसुरक्षेचे प्रशिक्षण ज्या शिस्तीने येथे राबवले गेले, ती शिस्त पाहता जबाबदार सेवेचे प्रशिक्षण सक्तीचे करणे या देशाला मुळीच जड नाही. उलट पर्यटकांची गर्दी, वाहनचालकाविषयीचा कडक कायदा आणि सर्व धर्मांचे कर्मचारी असलेल्या या देशात ते अधिक आवश्यक आहे. बारमागे उभे राहणाऱ्यांत नेपाळचे बौद्ध आहेत, केरळचे ख्रिस्ती आहेत, आफ्रिकेतून आलेले मुस्लिमही आहेत. स्वतः न पिणारा विक्रेता ही येथे दुर्मीळ गोष्ट नाही, आणि झिंगलेल्याला ओळखण्यात तो कोणापेक्षा कमी पडत नाही.

आता त्या तिघांना दिलेली व्यवहाराची माहिती, कारण ती इतरांच्याही उपयोगी पडेल. वर उल्लेखिलेल्या लंडनच्या संस्थेच्या वाइनच्या पहिल्या दोन पातळ्यांची परीक्षा केवळ बहुपर्यायी प्रश्नांची असते, पहिलीत तीस प्रश्न आणि दुसरीत पन्नास. चव घेण्याची परीक्षा तिसऱ्या पातळीपासून सुरू होते आणि तेथेही व्यावसायिक लोक घोट गिळत नाहीत, थुंकदाणीत टाकतात. वर्गात केवळ गंध घेऊन टिपणे काढतो असे सुरुवातीलाच शिक्षकांना सांगितले तर पहिल्या दोन पातळ्या शील न मोडता पूर्ण होऊ शकतात. तिसरी घ्यावी असे मी सुचवणार नाही. त्याऐवजी अन्नसुरक्षेची वरची पातळी, किंवा स्पेशालिटी कॉफी असोसिएशनची बरिस्ता आणि कॉफी चाखण्याची प्रमाणपत्रे पाहावीत. दुबईत कॉफीचा व्यवसाय मोठा आहे आणि बारमधून कॉफीकडे गेलेला मुलगा पुढे स्वतःचे दुकान टाकण्याचे स्वप्न पाहू शकतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडाकडे जाण्याचा विचार असणाऱ्यांनी तेथील जबाबदार सेवेचे प्रमाणपत्र तेथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात काढावे. बहुतेक ठिकाणी ते एका दिवसात होते.

आणि सही करण्यापूर्वी कागद वाचावा. हॉटेल अभ्यासक्रमाचे शुल्क भरते तेव्हा पुष्कळदा एक-दोन वर्षे नोकरी न सोडण्याची अट घातलेली असते आणि मध्येच सोडल्यास शुल्क परत मागितले जाते. ती रक्कम किती, ती शेवटच्या हिशेबातून कापणार का, आणि नापास झाल्यास काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ईमेलवर मागून घ्यावीत. इंग्रजी मजकूर समजण्यात अडचण असेल तर आपल्या समूहातील जाणकारांकडे पाठवावा. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तो वाचून देण्याची तयारी मी आणि आणखी दोघांनी दाखवली आहे.